नारिंगी पुडी

"न्हाई यायली तिला लघवी. आता काय पिळून काढता का, सिस्टर?"

येडबाच्या मांडीत एक मेंढी उताणी धरलेली होती आणि तो चिमट्याने तिच्या खुरातला बाभळीचा काटा काढत होता. बोलताना त्याने मान वर केली नाही. अंगणाच्या दुसऱ्या कडेला शिवकन्या प्लॅस्टिकची डबी हातात धरून उकिडवी बसली होती. तिच्यासमोर येडबाची नात भागी, अडीच वर्षांची, उघडीच, दोन्ही पाय फाकवून हसत उभी होती. अर्धा तास झाला होता. तांब्याभर पाणी पाजून झालं होतं.

"येईल आता," शिवकन्या म्हणाली.

"येईल तवा येईल. पर कामून? लेकरू धडधाकट हाय. ताप न्हाई, खोकला न्हाई. पोटुशा बायांची तपासणी आता लेकरांवर सुरू केली का सरकारनं?"

सरकारने काही सुरू केलं नव्हतं. पट्ट्या गरोदर बायांसाठीच होत्या. लघवीतून प्रथिनं जातात का, हे बघायला त्या उपकेंद्राला मिळायच्या. आज शिवकन्येने डब्यातून चार पट्ट्या जास्तीच्या उचलल्या होत्या. का उचलल्या, हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"झाली, झाली," आतून भागीची आजी, नर्मदाबाई ओरडली. भागी उभ्या उभ्याच मोकळी झाली होती. शिवकन्येने कशीबशी डबी पुढे केली. निम्मी धार तिच्या मनगटावरून गेली, निम्मी डबीत पडली.

पिवळी पट्टी बुडवून तिने काठावर झटकली आणि घड्याळाकडे बघितलं. मिनिटभर थांबायचं असतं. अर्ध्या मिनिटातच पट्टीवर हिरवा रंग चढायला लागला. मिनिट भरलं तेव्हा ती गर्द हिरवी झाली होती.

"काय निघालं?" चुलीपुढून दीपिकाने, भागीच्या आईने विचारलं.

"सकाळची पहिली लघवी बघावी लागती. उद्या येते," शिवकन्या म्हणाली आणि पट्टी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

"रोज या. आमाला दुसरं काम न्हाईच," येडबा म्हणाला.

शिवकन्या राणीसावरगावच्या भागात वीस वर्षं नर्स होती. पाच गावं, सतरा वस्त्या, एक स्कूटी. लसीकरण, वजन, बाळंतपणाच्या नोंदी, कुणाला डोकेदुखीची गोळी हवी असते ती. तिच्या पायाला भिंगरी आहे असं लोक म्हणायचे आणि ते खरंही होतं. तिचा नवरा भगवानराव गंगाखेडला पंचायत समितीत कारकून होता. "जेवताना तरी बूड टेकव," असं तो म्हणायचा. ती उभ्यानेच भाकरीचा घास घ्यायची, एक डोळा फोनवर ठेवून. पण गेल्या वर्षापासून ही धावपळ वेगळी झाली होती. पूर्वी ती कामासाठी फिरायची. आता थांबलं की तिला हरिओम आठवायचा, म्हणून फिरायची.

हरिओम हा भागीचा मोठा भाऊ. चार वर्षांचा असताना त्याच्या पापण्या सुजल्या, मग पाय. शिवकन्येने अंगणवाडीत त्याच्या पायावर अंगठा दाबला होता. खळगा पडला तो भरेचना. वजन कमी, केस पिंगट, घर मेंढरांमागे हिंडणारं. तिने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'कुपोषण, सूज' आणि त्याला पोषण केंद्रात पाठवलं. तिथे त्याला दूध, खिचडी, औषधाचे थेंब मिळाले. चौदा दिवस तिथे गेले, आठवडा येण्या-जाण्यात गेला. तीन आठवड्यांनी कुणीतरी त्याची लघवी तपासली तेव्हा कळलं की दुखणं पोटाचं नव्हतं, किडनीचं होतं. किडनीची गाळणी फाटल्यासारखी झाली होती. मग परभणी, मग सूज उतरवायच्या गोळ्या. गोळ्यांनी त्याचं तोंड चंद्रासारखं गोल झालं, पण सूज हटली नाही. वर्षभर असं चाललं आणि गेल्या दिवाळीनंतर तो गेला. पाच पूर्ण झाली होती, सहावं लागलं होतं.

कुणी शिवकन्येला बोल लावला नाही. दीपिका तर तिच्या गळ्यात पडून रडली होती. तीन आठवड्यांचा हिशोब घरात कुणाला माहीतच नव्हता.

आणि मग आठ दिवसांपूर्वी लसीकरणाला भागी आली होती. शिवकन्येने मागून हाक मारली, "भागे." पोरगी वळली नाही. परत मारली, तरी नाही. समोर जाऊन टिचकी वाजवली तेव्हा खुदकन हसली. "हट्टी हाय, भावावर गेली," असं नर्मदाबाई म्हणाली. हरिओमही हाक मारली की वळायचा नाही. त्यालाही सगळे हट्टीच म्हणायचे. शिवकन्येच्या हातातली सुई तशीच थांबली होती. त्या दिवसापासून तिला चैन नव्हतं.

तीन सकाळी ती गेली. तिन्ही पट्ट्या हिरव्या झाल्या. चौथ्या दिवशी त्या कागदावर चिकटवून तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर धम्मदीप यांच्या टेबलावर ठेवल्या. ते आठच महिन्यांपूर्वी रुजू झाले होते. वय तीस असेल. ओपीडीत सव्वाशे माणसं बसली होती.

"सूज आहे?"

"न्हाई, सर."

"वजन?"

"बरोबर हाय."

"मग पोरगी आजारी कशावरून? पट्टी कधी कधी फसवते, सिस्टर."

"तीनदा फसवंल का? हिच्या भावाला सूज यायच्या आधी आपण तपासलं असतं तर असंच दिसलं असतं." तिचा आवाज चढला. तो तिने खाली आणला. "अन् सर, हिला कमी ऐकू येतं असं वाटतंय. त्यालाबी येत नव्हतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "परत सांगा. किडनी आणि कान, दोन्ही? दोन्ही भावंडांना?"

"व्हय."

"आई-वडील नात्यातले?"

"दीपिका आत्याच्या घरात दिलेली हाय. नर्मदाबाई तिची सख्खी आत्या."

डॉक्टर उठून खिडकीशी गेले आणि त्यांनी फोन लावला. परभणीला महिन्यातून दोनदा लहान मुलांच्या किडनीचे डॉक्टर येत, ते त्यांचे शिक्षक होते. फोनवर इंग्रजीत बरंच बोलणं झालं. शेवटी ते वळून म्हणाले, "शनिवारी घेऊन या. उशीर नको."

पण येडबाने पहिल्या शब्दालाच नकार दिला.

"त्याला नेलं, अन् तो तिथंच संपला. हिला न्हाई न्यायचं. घरात हसतं-खेळतं लेकरू हाय, त्याला तुमी सुया टोचून बीमार करायलाव." भागीचा बाप रामहरी दाराशी उभा होता. तो बापासमोर बोलणारा नव्हता. दीपिका भिंतीकडे बघत होती. शिवकन्या एकदा बसली, उठली, परत बसली. तिने पट्टीचं सांगितलं, गाळणीचं सांगितलं. येडबा म्हणाला, "हिरवं झालं म्हंजी काय झालं? शेवाळबी हिरवं असतं."

तेव्हा नर्मदाबाई उठली. "सिस्टर, तुमच्याजवळ अजून हाय का ती पट्टी? द्या हिकडं. मपली तपासा."

"तुमची कशाला, मावशी?"

"मी साठीची. मला काई झालं न्हाई. मपली अन् हिची, दोन्ही बरूबर ठेवा. म्या बघते काय फरक हाय."

दोन डब्या ओट्यावर मांडल्या. दोन पट्ट्या बुडवल्या. सगळं घर वाकून बघत होतं, येडबासुद्धा, मात्र तो लांबून. म्हातारीची पट्टी पिवळी होती तशी पिवळीच राहिली. भागीची हिरवी होत होत पार गर्द झाली. नर्मदाबाईने दोन्ही उचलून नवऱ्यासमोर धरल्या. वीस वर्षांत शिवकन्येने तिला नवऱ्यासमोर पदर न सावरता उभी राहिलेली पाहिलं नव्हतं.

"बगा," ती म्हणाली. "शनिवारी मी जाणार हाय लेकराला घेऊन. तुमी मेंढरं बघा."

परभणीला रक्त काढलं, कान तपासले. रक्ताची बाटली हैदराबादला गेली. अहवाल यायला सहा-सात आठवडे लागणार होते. या आठवड्यांत शिवकन्येने आरोग्य केंद्राचं लोखंडी कपाट तीनदा रिकामं करून परत लावलं. दर दोन दिवसांनी भागीच्या घरी ती चक्कर मारायची. काम नसलं तर वस्तीवरच्या दुसऱ्या कुणाचं बीपी बघायचं निमित्त काढायची. पोरीच्या पापण्या सकाळी बघायची, पाय दाबून बघायची. डॉक्टरांना रोज विचारायची. शेवटी ते म्हणाले, "सिस्टर, अहवाल आला की मी स्वतः गाडी काढून तुमच्याकडे येईन. तोवर विचारू नका." ती दोन दिवस विचारायची थांबली आणि तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.

घरी भगवानरावने एकदा तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "तू पोळी लाटायलीस का कुणाला मारायलीस?" तिने त्याला कधीच काही सांगितलं नव्हतं, त्या तीन आठवड्यांबद्दल. वीस वर्षं तो तिच्या कामाचं कौतुक लोकांना सांगत आला होता.

अहवाल आला तेव्हा डॉक्टर गाडी काढून आले नाहीत. त्यांनी सगळ्यांनाच केंद्रात बोलावलं. ओपीडी संपलेली होती. येडबा बाकावर, नर्मदाबाई खाली फरशीवर, दीपिका भागीला घेऊन दाराशी, रामहरी बाहेर व्हरांड्यात खांबाला टेकून. शिवकन्या कपाटापाशी उभी होती.

"नाव आलंय आजाराला," डॉक्टर म्हणाले. "आणि त्याला औषध आहे. हे आधी सांगतो, मग बाकीचं."

"कशाचं नाव?" येडबाने विचारलं.

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "आजोबा, आपलं अंग म्हणजे बारीक बारीक कणांची वस्ती. त्यांना पेशी म्हणतात. प्रत्येक पेशीत चुली असतात. आपण खाल्लेल्या भाकरीचं बळ तिथं तयार होतं."

"बरं."

"पण ती चूल भकाभका पेटत नाही. अन्नातलं बळ थोडं थोडं करून, हातोहात पुढं जातं. विहिरीवर माणसांची रांग लावून घागरी पुढं देतात ना, तसं. त्या रांगेतले सगळे गडी आपापल्या जागी रुतून उभे असतात. एकच गडी असा की तो उभा राहत नाही. चुलीच्या भिंतीला चरबीचा थर असतो, तेलासारखा. त्यात हा पोहत असतो. इकडच्या दोघा-तिघांकडून भरलेली घागर घ्यायची, तिकडच्याला नेऊन द्यायची, रिकामा परत यायचं. जन्मभर हेच. त्याचं नाव कोएन्झाइम क्यू."

"क्यू," नर्मदाबाई हळूच म्हणाली, नाव तोंडात धरून बघितल्यासारखी.

"तो नसला की काय होतं? मागच्या गड्यांच्या हातात घागरी साचतात, सांडतात. सांडलेलं नुसतं वाया जात नाही, आजूबाजूला चटके देतं. पुढचे गडी रिकाम्या हातांनी उभे राहतात. बळ तयारच होत नाही. ज्या पेशींना बळ जास्त लागतं त्या आधी थकतात. भागीच्या बाबतीत त्या किडनीच्या गाळणीत आहेत, आणि कानात."

"मंग हा गडी कुठं गेला?" हे रामहरीने विचारलं, बाहेरून.

"कुठं गेला नाही. तो बाहेरून येत नाही, अंगातच घडतो. घडवायला दहा-बारा पायऱ्या लागतात. तिच्या अंगात त्यातली एक पायरी जन्मापासून मोडकी आहे. म्हणून गडी लय कमी तयार होतात. आपण ते तोंडावाटे द्यायचे, रोज, जन्मभर. जन्मापासूनच्या अशा बहुतेक आजारांत हातात काहीच नसतं. यात आहे. लवकर सुरू केलं तर गाळणी सावरते. कानाचं मात्र मी काही सांगत नाही. गेलेलं ऐकू येणं बहुतेक परत येत नाही."

'लवकर' हा शब्द खोलीत राहिला. दीपिकाने भागीच्या केसांतून फिरणारा हात थांबवला. शिवकन्या कपाटाचं हँडल दाबून धरून उभी होती. दीपिका काही विचारेल असं तिला वाटलं. दीपिकाने फक्त भागीचं झबलं नीट केलं.

"जन्मापासून मोडकी कशी काय?" येडबा म्हणाला. "आमच्या घरात कुणाला न्हाई."

"प्रत्येक पायरीच्या दोन प्रती असतात, आजोबा. एक आईकडून, एक बापाकडून. एक चांगली असली की भागतं. रामहरीची एक मोडकी, दीपिकाची एक मोडकी. म्हणून दोघं ठणठणीत. लेकराला दोघांकडून मोडकीच मिळाली. दोघं एकाच घराण्यातले असले की असं जुळून यायची भीती जास्त."

बाहेर कुणीतरी पाण्याचा नळ चालू ठेवला होता, त्याचा आवाज येत होता. मग नर्मदाबाई फरशीकडे बघत म्हणाली, "आमी दोन वर्सांला मेंढा बदलतो, डॉक्टर. त्याच्याच पोटच्या पाटींवर, तरण्या मेंढ्यांवर, त्याला ठेवत न्हाई. पिल्लं लुळी निघतात. मपल्या सासऱ्यानं शिकवलं, त्यांच्या बापानं त्यांना." ती थांबली. "मेंढराचं आमाला कळत होतं."

"गप," येडबा म्हणाला.

"गपच तं होते," ती म्हणाली.

औषध म्हणजे गडद नारिंगी पूड होती. दुकानात मिळायच्या त्या कॅप्सूल मोठ्या माणसांच्या होत्या आणि त्यातली मात्रा भागीला पुरणारी नव्हती. परभणीच्या एका औषधवाल्याने पूड मागवून दिली आणि किडनीच्या डॉक्टरांनी सांगितल्या वजनाच्या पुड्या बांधून दिल्या. दिवसातून तीन. पाण्यात ती विरघळतच नव्हती, वर तरंगायची. तेला-तुपातच विरघळते, जेवणाबरोबरच द्या, असं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी भागीने सगळी थुंकली. दीपिकाची साडी, बाज, येडबाचं धोतर, सगळीकडे नारिंगी डाग पडले. दुसऱ्या दिवशी दीपिकाने शेळीचं दूध तापवून त्याची साय काढली, सायीत चमचाभर तूप कोमट करून त्यात पूड घोटली आणि वर साखर टाकली. भागीने बोट चाटलं, मग चमचा मागितला. त्या दिवसापासून पोरीची जीभ कायम नारिंगी असायची. वस्तीवरची लेकरं तिला जीभ दाखवायला लावायची.

त्याच महिन्यात नर्मदाबाईने दुसरं एक काम केलं. तिचा धाकटा मुलगा पंडित, त्याची सोयरीक तिने दीपिकाच्या धाकट्या बहिणीशी ठरवलेली होती. सुपारी फुटलेली होती. ती सोयरीक मोडायला नर्मदाबाई एकटी एस.टी.ने वालूरकडे, भाऊ सूर्यभानच्या, म्हणजे दीपिकाच्या वडिलांच्या गावी गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. शिवकन्या तिला फाट्यावर भेटली. स्कूटीवर मागे बसवून वस्तीकडे नेताना तिने विचारलं, "काय म्हणले सूर्यभानमामा?"

"म्हणला, मपल्या लेकीत खोट काढली तू." वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता. "म्या म्हणलं, लेकीत न्हाई रे बाबा, आपल्या दोघांत हाय. मपल्यातबी हाय अन् तुपल्यातबी. त्याला पटलं न्हाई. भावजयीनं पाणी इचारलं न्हाई. चाळीस वर्सं झाली, दर पंचमीला जायची मी." वस्ती दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "दीपीला सांगू नका इतक्यात. तिचंबी माहेर हाय ते."

उन्हाळा लागला. राणीसावरगावच्या माळावर गवताची काडी उरली नाही तेव्हा घर दरवर्षीसारखं मेंढरं घेऊन उत्तरेला निघालं. येलदरीचं पाणी मागे सरकलं की धरणाच्या पोटातल्या गाळावर हिरवं फुटतं. शिवकन्येने साठ दिवसांच्या पुड्या मोजून दोन डब्यांत भरून दिल्या, पट्ट्या दिल्या, दीपिकाला रंग बघायला शिकवलं. तरी तिसऱ्याच आठवड्यात तिला राहवेना. फोन लागत नव्हता. येलदरी तिच्या हद्दीत नव्हती, तिच्या तालुक्यातही नव्हती. तिने एक दिवसाची रजा टाकली.

"कुणाच्या लग्नाला?" भगवानरावने विचारलं.

"कुणाच्या न्हाई. येडबाच्या नातीला बघायला." आणि मग, चप्पल घालता घालता, दाराकडे तोंड करून तिने त्याला ते सांगितलं. रजिस्टरमधले दोन शब्द आणि तीन आठवडे. भगवानराव ऐकून घेऊन म्हणाला, "तवा कुणाला कळलं असतं?" ती म्हणाली, "कुणाला तरी कळायचं काम माझं होतं." तो तिला स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी सुटताना त्याने खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

गंगाखेड, परभणी, जिंतूर. तीन गाड्या बदलून ती येलदरीला उतरली तेव्हा बारा वाजून गेले होते. विचारत विचारत ती काठाने चालत राहिली. पाणी दूर, राखाडी चमकत होतं. मासे धरणाऱ्यांच्या होड्या काठाला उलट्या पडल्या होत्या. दोन पालं दिसली. एका पालाच्या सावलीत दीपिका बसली होती. येडबा आणि रामहरी बाजाराला गेले होते, नर्मदाबाई सरपणाला.

"आत्या म्हणलीच होती, सिस्टर आल्याबिगर राहायच्या न्हाईत," दीपिका म्हणाली आणि हसली.

भागी गाळात बसून खेळत होती. शिवकन्येने आधी तिच्या पापण्या बघितल्या, मग पाय दाबले. खळगा पडला नाही. डबी काढली. पोरीला आता सवय झाली होती, तिने स्वतःच डबी ओढून घेतली. पट्टी बुडवली, झटकली. मिनिट झालं. दुसरं मिनिट झालं. पट्टी पिवळी होती, कडेला जरा हिरवट झाक असेल-नसेल इतकी. शिवकन्येने ती उन्हात धरून बघितली, सावलीत धरून बघितली.

"मलाबी अशीच दिसायली पंधरा दिवस झाले," दीपिका म्हणाली. "मला वाटलं, मलाच नीट कळंना."

"नीट कळलंय तुला."

शिवकन्येने पट्टी कागदात गुंडाळली. मग दीपिका म्हणाली, "हरिओमला हेच होतं ना, सिस्टर?"

"त्याचं रक्त तपासलं नव्हतं. पण हेच होतं."

"ही पुडी त्याला दिली असती, तं?"

शिवकन्येने वर बघितलं. समोरची पोर पंचवीस वर्षांची होती. तिला काहीही सांगितलं असतं तरी तिने मान्य केलं असतं. देवाची इच्छा म्हटलं असतं तरी.

"वेळेवर दिली असती तर बहुतेक वाचला असता," शिवकन्या म्हणाली. "अन् दीपिका, त्याची सूज पहिल्यांदा म्या बघितली. कुपोषण म्हणून लिहिली. लघवी तपासली न्हाई. पट्ट्या माझ्या पर्समध्येच होत्या. पोषण केंद्रात, येण्या-जाण्यात, तीन आठवडे गेले."

"तीन आठवडे."

"व्हय."

"त्या तीन आठवड्यांत कुणाला ह्या पुडीचं कळलं असतं का?"

"मला म्हाईत न्हाई. न्हाईबी कळलं असतं. पर म्या तपासलं न्हाई, हे खरं हाय."

दीपिकाने पायाजवळचं गवत उपटलं, ते बघितलं, टाकून दिलं. शिवकन्येला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. शिव्या देईल, निघा म्हणेल. कशालाही ती तयार होती. दुपारच्या उन्हात पाण्यावरून गरम वारा येत होता. एक कोकरू पालात तोंड घालून परत गेलं.

मग दीपिका उठली. पालातून तिने वाटी आणली, सायीतलं तूप, चमचा, पुडी. सगळं शिवकन्येच्या पुढ्यात ठेवलं.

"हिची दुपारची पुडी राहिली. तुमी पाजा," ती म्हणाली. "मी मेंढरं बघून येते."

तिने भागीला उचलून शिवकन्येच्या मांडीवर बसवलं आणि ती उतारावरून पाण्याकडे चालत गेली. शिवकन्येने पुडी सोडली, पूड तुपात घोटली. एक कणही तिने सांडू दिला नाही. भागीने दोन घासांत वाटी चाटून पुसली आणि तिच्या छातीला डोकं टेकून डोळे मिटले. वर धरणाच्या रस्त्यावर तिच्या परतीच्या, जिंतूरच्या गाडीचा हॉर्न वाजला. पोरीला तो ऐकू आला नाही, ती हलली नाही. शिवकन्याही उठली नाही.

दूर पाण्याच्या कडेला दीपिका पाठमोरी उभी होती. मेंढरं तिच्या भोवतीने चरत चरत पुढे निघून गेली, तरी ती तिथेच उभी होती.